धावत्या गाडीतली साक्ष

माझ्याच तक्रारीच्या सुनावणीला लॅपटॉप टीव्हीला जोडायला मलाच टेबलाखाली शिरावं लागलं. मीटिंग रूममधली कुठली वायर कुठं जाते, हे त्या ऑफिसात माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. सरनाईक मॅडमनी पाय बाजूला घेतले आणि वरून सांगितलं, "मगदूम, तेवढं मोठं दिसेल असं कर गं. आण्णांचं तोंड नीट दिसायला पाहिजे." मी खाली गुडघ्यांवर, आणि वर माझी चौकशी समिती चहा पीत बसलेली. हसावं की रडावं कळेना, म्हणून मी आधी वायर जोडली.

कंपनीचं नाव सांगत नाही. फुकटची जाहिरात कशाला? कोल्हापूरची ट्रॅव्हल कंपनी, गाड्या पुण्या-मुंबईला, बंगळूरला. प्रत्येक गाडीच्या पाठीवर लाल अक्षरांत लिहिलेलं असायचं, 'धावत्या गाडीत अखंड वायफाय'. त्यातलं 'अखंड' म्हणजे मी, पद्मजा मगदूम. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली, जयसिंगपूरहून रोज येऊन-जाऊन करणारी. मालकांनी जाहिरात आधी रंगवून घेतली आणि माणूस नंतर शोधला, तो मी.

वायफायचं गौडबंगाल फार मोठं नाही. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या कप्प्यात एक डबा असतो. त्यात दोन वेगळ्या कंपन्यांची दोन सिम कार्डं आणि छतावर अँटेना. गाडी धावत असते, मागचा टॉवर सुटतो, पुढचा धरायचा असतो. एक सिम लटकलं की दुसऱ्यानं सांभाळायचं. प्रवाशाच्या फोनला वायफायची सगळी पट्टी दिसते, पण ती डब्यापर्यंतची. डब्यापासून पुढं टॉवर आहे की नाही हे प्रवाशाला दिसत नाही. मग घाटात किंवा बोगद्यात पिक्चर थांबला की तो गाडीतल्या अटेंडंटला शिव्या घालतो.

पुण्याच्या गाडीवर त्या शिव्या खायचे कल्लाप्पाण्णा. कल्लाप्पा नेजे, शिरोळकडचे, पन्नाशीचे, पोट सुटलेले, कंपनीत अगदी पहिल्या गाडीपासून. पाण्याच्या बाटल्या वाटायच्या, चादरींच्या घड्या घालायच्या, कुणाला उलटी आली की पिशवी द्यायची, हे त्यांचं काम. नेट कुठं तुटतं हे बघायला मी लॅपटॉप घेऊन मागच्या सीटवर बसून पुण्यापर्यंत जायची, तेव्हा ते शेजारी येऊन बसायचे. म्हणायचे, "ताई, तुझ्या वायफायपायी माझी आई-बहीण निघती रोज. निदान हे चालतं कसं एवढं तरी सांग." मी सांगितलं. व्हिडिओ कॉल शिकवला. ते नातीला कॉल लावायचे आणि धावत्या गाडीतून तिला उसाची शेतं दाखवायचे. "आवाजापेक्षा तोंड दिसलेलं बरं," हे वाक्य माझं. त्यांनी ते पाठ केलं होतं.

आण्णा तरुणपणी गावच्या जत्रेत सोंगं काढायचे. ते अंगातून गेलं नव्हतं. व्हिडिओ कॉलवर माणूस हँग होतो तेव्हा त्याचं तोंड कसं राहतं, हे त्यांनी बारकाईनं बघून ठेवलेलं. डेपोच्या कँटीनमध्ये ते उभे राहायचे, बोलता बोलता 'आ' करून थांबायचे, तोंड अर्धवट उघडं, डावी पापणी अर्धी मिटलेली, एक हात अधांतरी. हँग झालेला नवरदेव, हँग झालेला मालक, वडा खाताना हँग झालेली बाई. पब्लिक लोटपोट. एकदा एका ड्रायव्हरनं त्यांच्या उघड्या तोंडात बिस्कीट ठेवलं, तरी हलले नाहीत. मी विचारलं, आण्णा, जमतं कसं हे? तर म्हणाले, सगळं सोपं आहे, फक्त पापणी अवघड. धरून ठेवली की डोळ्यात पाणी येतं. तेवढं सोसायचं.

आता जे सांगायचं ते सांगते.

मालकांच्या बहिणीचा नवरा कंपनीत ऑपरेशन्स मॅनेजर होता. मालक त्याला दाजी म्हणायचे, म्हणून अख्खं ऑफिस दाजी म्हणायचं. साठ गाड्या आणि दोनशे माणसं ज्याच्या बोटावर, त्याला सगळ्यांनी दाजी म्हणायचं. मी 'सर' म्हणायची. त्याचा त्याला राग होता, हे मला नंतर कळलं.

नवी गाडी आली होती. शेडमध्ये उभी होती, आणि मी स्टुलावर चढून कप्प्यात डबा बसवत होते. दोन्ही हात वर, तोंडात स्क्रू. दाजी गाडीत चढला. दार ओढून घेतल्याचा आवाज आला. मला वाटलं एसी बघायला आलाय. पुढं काय झालं ते समितीपुढं मला तीनदा सांगावं लागलं, इथं एकदाच सांगते. त्यानं मागून कमरेला धरलं, स्टुलावरून खाली ओढलं आणि सीटवर दाबलं. तोंडातले स्क्रू मी थुंकले, पण ओरडता आलं नाही. ओरडता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. तोवर मला वाटायचं मी फार तोंडाळ आहे.

मागच्या बाजूला कल्लाप्पाण्णा चादरी लावत होते. ते तिथं आहेत हे दाजीला माहीत नव्हतं. त्यांनी पाण्याच्या बाटल्यांचा अख्खा क्रेट खाली टाकला. दाजी उठला, शर्ट खोचला आणि मागं बघून म्हणाला, नेटवर्क मिळतंय का बघत होतो. आणि खाली उतरून गेला.

आण्णांनी मला पाणी दिलं. बाटली माझ्या हातातून निसटायला लागली, म्हणून ती त्यांनीच धरली. त्यांच्या डोळ्यांत मला स्वतःपेक्षा जास्त राग दिसला. म्हणाले, "ताई, मी बघितलंय. समदं बघितलंय. तू गप बसू नको. जिथं म्हणशील तिथं येऊन सांगतो."

या एका वाक्यावर मी तक्रार केली. नाहीतर केली नसती, खरंच सांगते. माझ्या आईनं ऐकलं आणि पहिलं काय विचारलं? "तुझ्या बाजूनं बोलणारं कुणी हाय का?" मी म्हटलं, आहे. तेव्हा कुठं ती म्हणाली, मग कर.

अर्ज दिल्यावर ऑफिसचं वारं फिरलं. माझ्यासोबत डबा खाणाऱ्या बुकिंगच्या पोरींना अचानक उपवास लागले. कुणी म्हणालं, पगारवाढ मिळाली नाही म्हणून हे चाललंय. कुणी म्हणालं, स्टुलावर चढायचं काम बाईनं घ्यावंच कशाला. दाजी आपला रोज अत्तर लावून यायचा आणि माझ्या टेबलावरून जाताना गाणं गुणगुणायचा. मला त्याला तुरुंगात बघायचं नव्हतं. मला एवढंच पाहिजे होतं, की त्या ऑफिसातल्या कुणीतरी, कागदावर किंवा तोंडानं, एकदा म्हणावं की हो, हे घडलं. आणि ते म्हणू शकणारा माणूस जगात एकच होता.

सुनावणीच्या आदल्या दिवशी कळलं, की आण्णांची ड्युटी बदलली. त्यांची सुट्टी रद्द करून त्यांना सकाळच्या पुण्याच्या गाडीवर टाकलं. मी तडक सरनाईक मॅडमकडं गेले. त्या बुकिंगच्या प्रमुख आणि समितीच्या अध्यक्ष. मी विचारलं, साक्षीदारच नसेल तर सुनावणी कसली? तर त्या माझ्याकडं बघून गोड हसल्या.

"अगं, आपल्या गाडीत वायफाय आहे ना? अखंड? तूच बसवलंयस. बोलतील की गाडीतून."

मला यात डाव दिसायला पाहिजे होता. दिसला नाही, उलट बरं वाटलं. पुण्याच्या त्या गाडीतला डबा माझा सगळ्यात लाडका होता. त्याच्यात मी जीव ओतला होता. कराड सोडल्यापासून साताऱ्यापर्यंत रस्ता सपाट, टॉवर जवळजवळ, सिग्नल कधी म्हणून पडला नाही. खंबाटकीचा बोगदा तर साताऱ्याच्या कितीतरी पुढं. मी आण्णांना फोन करून सांगितलं, की कराड गेलं की कॉल लावीन. मागच्या सीटवर बसा, खिडकीकडं पाठ करून, म्हणजे समोरच्या खिडकीचा उजेड तोंडावर येईल. ते म्हणाले बरं. एवढंच म्हणाले. एरवी त्यांना फोन ठेवायला सांगावं लागायचं. मला वाटलं, बिचारे घाबरलेत.

तर त्या दिवशी मी टेबलाखालून वर आले तेव्हा समोर तिघं होते. सरनाईक मॅडम, अकाउंटचे पाटणकर आणि बाहेरच्या सदस्य म्हणून निवृत्त प्राचार्या चाफेकर बाई. चाफेकर बाईंवर माझी सगळी भिस्त. पांढरी सुती साडी, जाड भिंगाचा चष्मा, आवाज शाळेच्या घंटेसारखा खणखणीत. माझी हकिगत त्यांनी मध्ये न बोलता ऐकली होती आणि शेवटी फक्त "बस बाळ, पाणी पी" म्हणाल्या होत्या. शेजारच्या केबिनमध्ये दाजी होता. पातळ पार्टिशनमधून त्याच्या बशीचा आवाज येत होता.

मी कॉल लावला. एका रिंगमध्ये आण्णा टीव्हीभर दिसले. सांगितलं होतं तसेच बसले होते. तोंडावर उजेड, मागं खिडकी, पडदा बांधून ठेवलेला, बाहेर हिरवागार ऊस. चित्र इतकं स्वच्छ की त्यांच्या दाढीची खुंटं मोजता आली असती. माझ्यातला मेला इंजिनियर असा फुशारून गेला की एक क्षणभर मी कशासाठी उभी आहे तेच विसरले. पाटणकर म्हणाले, वा, काय क्लॅरिटी आहे. मी मान हलवली.

सरनाईक मॅडमनी नाव विचारलं, गाव विचारलं, नोकरी किती वर्षं ते विचारलं. आण्णांनी सगळं सांगितलं, शब्द न शब्द ऐकू आला. त्या दिवशी शेडमधल्या गाडीत होता का? होतो. काय करत होता? चादरी लावत होतो. मी मनात प्रत्येक उत्तराला टिक करत होते. गाडी उंब्रजच्या पुढं आली असावी.

मग चाफेकर बाई पुढं वाकल्या. "नेजे, आता नीट आठवून सांगा. त्या गाडीत तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलंत?"

आण्णांनी घसा साफ केला. "मी त्या दिवशी बाई..." आणि थांबले.

तोंड अर्धवट उघडं. एक हात छातीपाशी अधांतरी. आवाज बंद.

पाटणकर म्हणाले, हँग झालं. सरनाईक मॅडम म्हणाल्या, बघा, ऐन वेळेला नेटवर्क. त्या इतक्या पटकन म्हणाल्या की वाक्य आधीच तयार असावं. सवयीनं माझा हात लॅपटॉपकडं गेला. गाड्यांचा नकाशा लॅपटॉपवर उघडा होता, त्यावर पुण्याच्या गाडीचा ठिपका हिरवा होता आणि सरकत होता. दोन्ही सिम चालू. मला वाटलं, मग आण्णांचा मोबाईल गेला असेल. मी मान वर करून टीव्हीकडं बघितलं.

खिडकीतला ऊस पळत होता.

उसामागून विजेचे खांब गेले, एकामागं एक. एक पेट्रोल पंप आला नि गेला. ऊस वाहणारी ट्रॅक्टर-ट्रॉली मागं पडली, तिच्यावर बसलेल्या बाईचा लाल पदर उडत होता, तोसुद्धा दिसला. बांधलेल्या पडद्याचं टोक एसीच्या वाऱ्यानं हलत होतं. सगळं जग हलत होतं आणि मधोमध आण्णा तेवढे थिजलेले, तोंड 'आ', डावी पापणी अर्धी मिटलेली.

ती पापणी मी ओळखली. कँटीनमध्ये तिच्यावर मी इतकी हसले होते की डोळे पुसावे लागले होते. तेच सोंग होतं. हँग झालेला नवरदेव, हँग झालेला मालक, आणि आता हँग झालेला साक्षीदार. आत कुठंतरी मला अजूनही वाटत होतं, की ते आता खो खो हसतील आणि पुढं बोलतील. मी वाट बघितली. खरंच बघितली. त्यांच्या डाव्या डोळ्यात पाणी जमलं, गालावर ओघळलं, तरी ते हलले नाहीत.

मी म्हटलं, "मॅडम, झाडं पळताहेत."

सरनाईक मॅडमनी चहाचा कप उचलला.

"नेट गेलेलं नाही. नेट गेलं असतं तर खिडकीसुद्धा थांबली असती. झाडं बघा. ते मुद्दाम बसलेत तसे."

पाटणकरांनी टीव्हीकडं बघितलं आणि लगेच आपल्या पेनाकडं. चाफेकर बाईंनी चष्मा काढला, साडीच्या पदरानं पुसला, परत लावला आणि चांगला बराच वेळ त्या पडद्याकडं बघत राहिल्या. त्यांना दिसलं. मी शपथेवर सांगते त्यांना दिसलं, कारण एक ट्रक शेजारून गेला तेव्हा त्यांची मान त्या ट्रकाबरोबर वळली. मग त्यांनी सरनाईक मॅडमकडं बघितलं. सरनाईक मॅडमनी त्यांच्याकडं बघितलं. आणि त्या खणखणीत आवाजाच्या बाई अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "मला यातलं तांत्रिक काही कळत नाही बाई."

झाड पळतंय की उभं आहे हे कळायला कसलं आलंय तांत्रिक? शेंबड्या पोरालासुद्धा कळतं. चाळीस वर्षं पोरींना शिकवलेल्या बाई त्या.

"मगदूम, कट कर कॉल," सरनाईक मॅडम म्हणाल्या.

मी म्हटलं, नाही करणार. बसू दे त्यांना. किती वेळ बसतात ते बघू. पुण्यापर्यंत बसू दे. मी हात बांधून उभी राहिले आणि टीव्हीकडं बघून मोठ्यानं म्हटलं, "आण्णा, ऐकू येतंय मला माहीत आहे. तुम्ही बाटल्यांचा क्रेट टाकला होता. एवढं तरी सांगा, क्रेट का टाकला."

त्यांची पापणी थरथरली. सगळ्यांनी बघितलं. शेजारच्या केबिनमधला बशीचा आवाज थांबला होता. तेवढ्यात पाटणकर उठले, खाली वाकले आणि मी जोडलेली वायर त्यांनी ओढून काढली. टीव्ही काळा झाला. तांत्रिक अडचण म्हणतात ती तेव्हा आली, आणि ती पाटणकर नावाची होती.

कागदावर असं लिहिलं गेलं, की गाडीतील इंटरनेट सेवा खंडित झाल्यानं साक्ष पूर्ण होऊ शकली नाही. मी परत तारीख मागितली. तर म्हणे चौकशीची मुदत संपत आली आहे. आण्णांना मग बंगळूरच्या गाडीवर टाकलं. मी एकदा स्टँडजवळच्या थांब्यावर जाऊन उभी राहिले. गाडी आली, दार उघडलं, प्रवासी चढले. आण्णा खाली उतरले नाहीत. मला काचेतून दिसले, मी खिडकीवर हात आपटला. त्यांनी आतून पडदा ओढून घेतला. पुढच्याच महिन्यात त्यांचा बदली ड्रायव्हर असलेला मुलगा महावीर नव्या गाडीवर कायम झाला. तेव्हा मला सगळं समजलं. समजलं म्हणून राग कमी होतो असं जे म्हणतात, ते खोटं आहे.

तक्रार सिद्ध झाली नाही. एवढ्यावर भागलं असतं तरी मी म्हटलं असतं, चला, नशीब. पण निकालानंतर आठवड्यानं माझ्या टेबलावर मेमो आला. विषय: वायफाय सेवा बंद पडल्याबाबत. सुनावणीच्या दिवशी पुणे गाडीतील इंटरनेट बंद पडून समितीच्या कामात व्यत्यय आला, ती सेवा सुरळीत ठेवण्याची जबाबदारी आपली असताना हा हलगर्जीपणा का झाला, याचा खुलासा करावा.

मी तो वाचला आणि हसले. एकटीच, मोठ्यानं. बुकिंगच्या पोरी वळून बघायला लागल्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच. माझी साक्ष बुडाली ती नेटवर्कमुळं, आणि नेटवर्क बुडवलं कुणी, तर मी.

मी त्या दिवसाचा गाडीचा सगळा रिपोर्ट काढला आणि मालकांकडं गेले. कराड ते सातारा एकदाही सिग्नल पडला नव्हता. रिपोर्टात दिसत होतं, एक प्रवासी त्या सगळ्या वेळात क्रिकेटची मॅच बघत होता, त्याचा एक चेंडू चुकला नव्हता. मालक शांत माणूस. त्यांनी रिपोर्ट वाचला, माझ्याकडं सरकवला.

"म्हणजे वायफाय चालू होतं म्हणतेस."

"चालू होतं."

"मग कल्लाप्पानं नाटक केलं. मग समितीनं बघून न बघितल्यासारखं केलं. मग दाजीनंही..." ते थांबले. "किती माणसं खोटी पाडायचीस पोरी? त्यापेक्षा एक डबा बिघडला होता म्हण की. डब्याला काय अब्रू असते? मेमो मी फाडून टाकतो."

मी जागेवर जाऊन खुलासा लिहिला. वायफाय चालू होतं. तीनच शब्द, खाली सही. दुसऱ्या कागदावर राजीनामा लिहिला. जाताना पुण्याच्या गाडीतला डबा काढून न्यावा असं फार मनात आलं, पण तो कंपनीचा होता.

आज जयसिंगपुरात माझं स्वतःचं दुकान आहे. ब्रॉडबँडची कनेक्शनं देते, कॅमेरे बसवते. बरं चाललंय. त्या कंपनीच्या गाड्या बायपासवरून जाताना दिसतात, मागं लाल अक्षरं अजून तशीच आहेत. दाजी आता कंपनीत भागीदार झालाय असं ऐकते.

गेल्या उन्हाळ्यात, दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं आणि मी पंख्याखाली बसून डबा खात होते. अनोळखी नंबरावरून व्हिडिओ कॉल आला. उचलला. पडद्यावर एक म्हातारा. गाल बसलेले, समोरचे दात नाहीत. मी ओळखायच्या आधी तो बोलला.

"ताई, वळखलंस न्हवं? म्हटलं, आवाजापेक्षा तोंड दिसलेलं बरं."

मी डबा बाजूला सारला. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला आणि हात धुतले.

आण्णा बोलत राहिले. काम सोडून बरीच वर्षं झाली. बायको गेली. नातीचं लग्न ठरलंय. महावीर वेगळा राहतो, फोन करत नाही. दाजीनं बोलावून घेतलं होतं सुनावणीच्या आधी, म्हणाला पोराला कायम करतो, नाहीतर दोघांनाही घरी बसवतो. काय करावं, ते काही सुचेना. मग ते सोंग सुचलं. बोलताना त्यांचा आवाज कापत होता आणि माझा हात कापत नव्हता, एवढं मी बघितलं.

"पर मी खोटं बोललो न्हाई, ताई. दाजी म्हणत हुता, काय बघितलं न्हाई म्हणून सांग. तसं सांगितलं न्हाई मी. एक शबुद खोटा बोललो न्हाई. देवाला ठावं हाय."

इतकी वर्षं मला जे नीट सांगता येत नव्हतं ते त्यांनीच सांगून टाकलं. खोटं बोलले असते तर मला भांडता आलं असतं. समोरासमोर, शब्दाला शब्द. त्यांनी मला भांडायला शब्दच ठेवला नाही.

"माफ केलं म्हण एवढं," आण्णा म्हणाले. "मग मी मरायला मोकळा. म्हणतीस न्हवं?"

मी तोंड उघडलं. माझ्या मनात काय होतं ते आज मलाही सांगता येणार नाही, कदाचित म्हटलंही असतं. पण तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. अर्धवट. एक हात छातीपाशी अधांतरी. डावी पापणी हळूच अर्ध्यावर आणली.

"हॅलो? ताई?" आण्णा फोनजवळ आले. "आवाज येतोय का? हँग झालं काय?"

मी हलले नाही. पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकोनात मी मला दिसत होते, आणि माझ्या डोक्यावरचा पंखाही दिसत होता. गरगर फिरत होता.

आण्णा आणखी एकदा हॅलो म्हणाले. मग त्यांची नजर माझ्या तोंडावरून वर गेली आणि तिथंच राहिली. बराच वेळ त्यांनी पंख्याकडं बघितलं.

"लाईट हाय वाटतं तुमच्यात," ते सावकाश म्हणाले, आणि त्यांनी कॉल कट केला.

मी पापणी सोडली. डोळ्यात पाणी आलं होतं. तेवढा वेळ धरून ठेवली की ते येतंच.